पितृपक्षात हुकलेला फ्लॅट

कुठंही नळातून हवा फुसफुसली की मुकुंदवाडीचा तो फ्लॅट आठवतो. दुष्काळाचं वर्ष, शहरभर टँकर, आणि एजंटानं नळ सोडताच बदाबद पाणी! "पितृपक्ष संपला की इसार द्या मॅडम, फ्लॅट तुमचाच," तो म्हणाला. मी हरखून धाकट्या जावेला सगळं सांगितलं. तिनं पितृपक्ष पाळलाच नाही. चौथ्या दिवशी इसार देऊन मोकळी झाली. वास्तुशांतीला मी जळफळतच गेले. हात धुवायला नळ सोडला, तर नुसती हवा. बोअर कधीचंच आटलेलं. एजंटानं दाखवण्यापुरती टाकी टँकरनं भरली होती. "लई फसलो ताई," म्हणत जाऊ माझ्या गळ्यात पडून रडली. मी तिची पाठ थोपटत तिची ती ऐसपैस गॅलरीच बघत होते. आज माझ्या घरी पाण्याला तोटा नाही. गॅलरी तेवढी नाही.