सगळ्यांचा नंबर तीन पॉइंट दोन

तडा गेलेल्या चार कुप्या कॅमेऱ्यासमोरून गेल्या आणि स्क्रीनवर चार वेळा हिरवं ‘ओके’ उमटलं. श्वेताने ट्रे पुन्हा लावला. पुन्हा ओके. शेजारच्या टेबलावर तसाच कॅमेरा होता, फक्त कॉम्प्युटर जुना, विंडोजवाला. तिने तोच ट्रे त्याच्यासमोर धरला. त्याने चारही कुप्या बाद केल्या.

आमची कंपनी इलेक्ट्रॉनिक सिटीत आहे. इंजेक्शनचं औषध ज्या काचेच्या कुप्यांत भरतात, त्या तपासणाऱ्या मशीनचं सॉफ्टवेअर आम्ही लिहितो. कॅमेरा कुपीचा फोटो काढतो, सॉफ्टवेअर त्यात तडा शोधतं, सापडला तर कुपी बाद. आमचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्या भागात असलेला एक कारखाना. त्यांच्या मशीनवरचं विंडोज इतकं जुनं झालं होतं की त्यांच्या आयटीवाल्यांनी ते नेटवर्कवर ठेवायला नकार दिला आणि लिनक्स मागितलं. एका सिस्टिमवरचं सॉफ्टवेअर दुसरीवर चालेल असं करणं, याला आम्ही पोर्टिंग म्हणतो. बिऱ्हाड हलवण्यासारखं काम आहे. सामान तेच असतं, पण नव्या घराच्या दारातून फ्रिज आत जात नाही.

हे पोर्टिंग श्वेताकडे होतं. ती नागपूरची, प्रोबेशनवर, म्हणजे अजून नोकरीत कायम न झालेली. गावातली बरी नोकरी सोडून ती इथे आली होती आणि घरच्यांना ते अजिबात पटलेलं नव्हतं. तिने कायम व्हायचं की नागपूरला परत जायचं, हे कुलकर्णी सर ठरवणार होते. सर आमचे डायरेक्टर, मूळचे पुण्याचे.

सुटलेल्या कुप्यांची बातमी सरांपर्यंत पोचली आणि लगेच वॉर रूम भरली. वॉर रूम म्हणजे नेहमीचीच मीटिंग रूम. दारावर एक कागद चिकटवतात आणि बिस्किटं जरा बरी येतात. तिथे आरसीए झाला. आरसीए म्हणजे गडबडीचं मूळ शोधणे, आणि ते शोधायची पद्धत अशी की पाच वेळा ‘का’ विचारायचं. कुप्या का सुटल्या? तडा दिसला नाही म्हणून. तो का दिसला नाही? पोर्टिंगमध्ये काहीतरी चुकलं म्हणून. का चुकलं? नीट तपासलं नाही म्हणून. का तपासलं नाही? श्वेता नवी आहे म्हणून. पाचव्या ‘का’ची कुणाला गरजच वाटली नाही.

पीण्याचा डेमो तोंडावर आला होता. तो फसला तर श्वेताचं कन्फर्मेशन विसर, असं सरांनी मला नंतर कॉफी मशीनपाशी सांगितलं. आज पाऊस येईल असं सांगावं, तसं सांगितलं. माझं डोकं तापलं. मी तिची टीम लीड, तिचं काम मी ओळ न् ओळ पाहिलेलं होतं. त्यात खोट असती तर ती आधी माझी होती, पण आरसीएत माझं नाव घालायचं सरांना सुचलं नाही, कारण मी जुनी.

आता थोडं तांत्रिक. तडा शोधायचं मुख्य काम एक लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी लिहून ठेवलेला आणि आपण आयता वापरायचा कोड. ही लायब्ररी फुकट मिळते आणि कुणीही तिच्यात हवे ते बदल करून घेऊ शकतं. प्रत्येक लायब्ररीला एक नंबर असतो, व्हर्जन. आत काही बदललं की नंबर वाढवायचा, हा जगभरचा रिवाज. आम्हाला लागते तीन पॉइंट दोन. विंडोजवर तिची फाइल आमच्याच फोल्डरमध्ये पडलेली असायची. लिनक्सवर ‘अमुक नंबरची द्या’ असं मागायचं असतं, मग सिस्टिम तिच्या भांडारातून ती आणून बसवते. श्वेताने तीन पॉइंट दोन मागितली आणि सिस्टिमने इमानदारीत तीन पॉइंट दोन दिली.

आम्ही दोघी एकेक गोष्ट तपासत गेलो. कॅमेऱ्याचा ड्रायव्हर जुळत होता. फोटो दोन्हीकडे सारखेच येत होते. सगळे नंबर एकमेकांना धरून होते. शेवटी श्वेताने लायब्ररीच्या दोन फाइली शेजारी शेजारी ठेवल्या.

“ताई, नंबर सेम आहे न,” ती म्हणाली, “मग ही विंडोजवाली इतकी जाडी कशी काय?”

आम्ही थेट सरांना विचारायला गेलो. मला वाटलं, सर चपापतील. सर खूश झाले.

“अगं, ती आपली तीन पॉइंट दोन आहे. ओरिजिनल नव्हे. कुपीच्या मानेवरचे बारीक तडे ओरिजिनलला दिसतच नाहीत. ते मी स्वतः घातलंय त्यात.”

“मग नंबर का नाही वाढवला, सर?”

“नंबर वाढवला की कस्टमरचं री-अप्रूव्हल. त्यात महिने जातात. म्हणून मी सुरुवातीलाच नियम केला, कोड काय हवा तो बदला, नंबरला हात लावायचा नाही.”

नियम सगळ्यांनी पाळला होता. आमच्याकडे नियम पाळण्यात कुणी कमी पडत नाही. आलेल्या प्रत्येक इंजिनिअरने लायब्ररीत आपापली भर घातली आणि नंबर तोच ठेवून तो दुसऱ्या कंपनीत गेला. शेअर्ड ड्राइव्हवर त्यांची फोल्डरं सापडली. फायनल, फायनल न्यू, फायनल पीण्या, धिस वन, आणि एक फायनल न्यू ओल्ड. आत सगळीकडे तीन पॉइंट दोन. विंडोजवरची फाइल यातल्या कुठल्या कोडपासून बनली, हे कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. श्वेताने एकेकीवर ट्रे चालवून बघितला. मानेवरचे सगळे तडे फक्त फायनल न्यू ओल्डला दिसत होते. तिच्यात जागोजागी केवळ विंडोजलाच कळणाऱ्या ओळी होत्या. त्या काढून श्वेताने लिनक्सच्या घातल्या, चिकाटीने, कुरकुर न करता. मग ट्रे लावला. चारही कुप्या लाल. मी तिला तिथेच मिठी मारली.

आरसीएत मात्र कारण बदललं नाही. श्वेताने आधी विचारायला हवं होतं, असं सरांचं मत पडलं. आणि डेमोला जाताना गाडीत, शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्यांनी आम्हाला एकच गोष्ट पढवली. नंबर तोच आहे, म्हणजे काही बदललेलं नाही.

कारखान्याच्या क्वालिटी हेड मंजुळा मॅडम. कमी बोलणाऱ्या, बघणाऱ्या जास्त. डेमो सुरळीत झाला, कुप्या पटापट बाद झाल्या, सर हात चोळू लागले. मग मॅडमनी सहीसाठी पेन काढलं आणि ठरलेला प्रश्न विचारला, “एनादरू बदलावणे इदेया?”

मी बेळगावची, मला कन्नड येतं. सर इतकी वर्षं इथे राहून भाजीपुरतं बोलतात, म्हणून दुभाषाचं काम माझ्याकडे. पण हा प्रश्न मराठी कानाला समजावून सांगावा लागत नाही. काही बदल आहे का? सर हसून मान हलवायला लागले, तेवढ्यात श्वेता बोलली, तिच्या नागपुरी हिंदीत.

“हां मॅडम, बदला है. नंबर वही है, लेकिन अंदर का कोड कई बार बदला है. मैं सब लिखके दे सकती हूँ.”

सरांनी फोनमध्ये मान घातली. मला भीती वाटली, तिच्यासाठी. पण आता मागे हटण्यात अर्थ नव्हता. काय काय बदललं आणि त्याने कोणते तडे सापडायला लागले, ते मी कन्नडमध्ये एकेक करून सांगितलं.

मंजुळा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, “सरी, ठीक आहे. मग सांगत का नाही? इतकी वर्षं नंबर हलला नाही, तेव्हा आम्हाला वाटलं तुम्ही यावर काम करणंच सोडलंय. आम्ही दुसरी कंपनी बघत होतो.”

री-अप्रूव्हलचं काय, असं सरांनी माझ्याकरवी घाबरत विचारलं. त्यावर त्या म्हणाल्या की मशीन नवं होतं तेव्हा महिने लागले होते, आता टेस्टचा ट्रे चालवायचा आणि सही करायची. तुम्ही जेवून या. आम्ही कारखान्याच्या कँटीनमध्ये सांबार-भात खाऊन परत आलो, तर सही झालेली होती. सरांनी ताक अर्धंच सोडलं होतं.

आता आमची लायब्ररी चार पॉइंट शून्य आहे. गिऱ्हाइकाशी पारदर्शक राहण्याचा उपक्रम आपण सुरू केल्याचं सरांनी सगळ्या कंपनीला मेल करून कळवलं. गिऱ्हाईक काय म्हणेल, हे गिऱ्हाइकालाच विचारायचं असतं, एवढा धडा मी त्यातून घेतला. इंजिनिअरिंगला तो शिकवत नाहीत.

श्वेताचं कन्फर्मेशनचं पत्र आलं. खाली सुधारणेच्या रकान्यात लिहिलं होतं, ‘ग्राहकासमोर बोलण्यापूर्वी वरिष्ठांची परवानगी घ्यावी.’ ती पत्र घेऊन माझ्याकडे आली. यावर सही करू का, असं तिने विचारलं. तिचा चेहरा पडला होता.

“कर,” मी म्हटलं. “तू कायम कशामुळे झालीस, ते त्यांनी चुकीच्या रकान्यात लिहिलंय, एवढंच.”