राक्षसाचं स्थळ

कमी बोलणाऱ्या बाईची फजिती होऊन होऊन होणार कशी, असं तुम्हाला वाटत असेल. तोंडच उघडलं नाही तर घोळ येणार कुठून? मलाही तसंच वाटायचं. पण लग्न होऊन आल्यावर मी एकदा, फक्त एका दुपारी, पोटभर बोलले. आणि त्या एका दुपारने तीन घरं कामाला लावली. बसा, सांगते. चहा गरम आहे तोवर होईल सांगून.

माझं माहेर मुरबाड आणि सासर सापगाव. अंतर असं, की माहेरचं ताक आंबट व्हायच्या आत सासरी पोचावं. बातमी तर ताकाच्याही आधी.

कल्याणला कॉलेजात होते तेव्हा आमचा चौघी-पाचजणींचा एक खेळ असायचा. टेबलाभोवती बसायचं. एकीने गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी वैदू. अडलं की फासे टाकायचे, आणि फासे म्हणतील ते घडायचं. गोष्ट सांगणारीला मात्र उरलेलं सगळं व्हावं लागतं. राजा तीच, पहारेकरी तीच, राक्षसही तीच. चारचौघांत माझा आवाज फुटायचा नाही, पण राक्षस झाले की भिंती हलायच्या.

त्यातली वैशाली पुढे मुंबईत नोकरीला लागली. तिथल्या मंडळींबरोबर तिने असे घरगुती खेळ रचणाऱ्यांसाठी बक्षिसं काढली. देशभरातून खेळ आले आणि परीक्षक पुरेनात. तिने फोन केला, "फुकटचं काम आहे, पण करशील ना?" मला नाही म्हणायला वेळ लागतो. तोवर तिने फोन ठेवला होता. अशी मी परीक्षक झाले.

चार दिवसांनी कुरिअरने खेळाचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. सोबत अट. नुसतं वाचून गुण द्यायचे नाहीत. हा खेळ कधीच न खेळलेल्या माणसांना घेऊन तो खेळायचा आणि मगच लिहायचं.

आता सापगावात हा खेळ कधीच न खेळलेली माणसं शोधायला मला काय त्रास? उंबऱ्याच्या आत-बाहेर तीच.

भाताची झोडणी उरकली होती. दुपारची जेवणं झाली की सासूबाई, माझी नणंद सविता आणि शेजारच्या यमुनाकाकू ओटीवर वालाच्या शेंगा सोलत बसायच्या. मी धीर करून विचारलं. सासूबाई म्हणाल्या, "हात मोकळे नायत, पन तोंड मोकळं हाय. सांग." झालं. शेंगांचं सूप रिकामं केलं आणि त्यात फासे टाकायचं ठरलं. टेबल नव्हतंच.

सासूबाईंना मी तलवारवाली केलं, सविता झाली चोर, आणि यमुनाकाकू वैदू. गोष्ट साधी होती. डोंगरातल्या गुहेत एक राक्षस सोनं राखत बसलाय. तो एका बैठकीला अख्खा बोकड खातो. झोपेतून उठवलं की खवळतो. सोन्याला कुणाला हात लावू देत नाही. तिघींनी गुहेत शिरायचं, त्याच्याशी लढायचं आणि सोनं आणायचं.

शिरल्या. मी राक्षसाच्या आवाजात गरजले, "कोण आहे रे तिकडे?" ओटीखालची कोंबडी पळाली. मला म्हणायचं होतं की आता फासे उचला. पण यमुनाकाकू शेंग सोलता सोलता शांतपणे म्हणाल्या, "आमी सापगावच्या. तू कुठला रे बाबा?"

पुस्तकात याचं उत्तर नव्हतं! ज्याने कुणी तो खेळ रचला होता त्याला काय ठाऊक, की आमच्याकडे अनोळखी माणूस भेटला की आधी नातं काढतात, मग पाणी देतात, आणि भांडायचंच असेल तर त्यानंतर. मारामारीच्या आधी मामा विचारायची रीत आहे आमच्याकडे.

पण गोष्ट सांगणाऱ्याने अडखळायचं नसतं. मी दिलं ठोकून, "मुरबाडचा."

"मुरबाडात कुठं?"

"बाजाराच्या मागे."

"आयचं माहेर?"

"खर्डी."

"मामा काय करतो?"

"रेल्वेत होता. आता शेती बघतो."

काकूंचे प्रश्न धो धो आणि माझी उत्तरं पटापटा. आडनाव काय, कुळ कुठलं, बहिणी किती, घरावर स्लॅब आहे का पत्रे. ऐनवेळी एवढा खोटा तपशील कुठून आणणार? समोर दिसेल ते उचलत गेले. आणि डोळ्यांसमोर दिसत होता माझा मावसभाऊ बाळूदादा. देहाने दांडगा, मुरबाडला पंप दुरुस्तीचं दुकान, बाजाराच्या मागे घर. राक्षसाला मी बाळूदादाची आई दिली, बहीण दिली, आणि मामा तर माझाच सख्खा दिला.

एवढं नातं निघाल्यावर लढाई कुठली व्हायला? सासूबाईंनी तलवार गुहेच्या कोपऱ्यात उभी केली. "सोयऱ्याधायऱ्यांत तलवार बरी नाय," म्हणाल्या. सविताने चोरलेलं सोनं परत ठेवलं. काकूंनी राक्षसाला सर्दीचा काढा दिला. खेळ संपला.

शेंगांची टोपली उचलता उचलता काकूंनी मला बाजूला घेतलं आणि हळूच विचारलं, "तो मुरबाडवाला अजून लग्नाचाच हाय ना?"

मला कोण आनंद झाला म्हणून सांगू! खेळ संपला तरी बाई खेळातून बाहेर यायला तयार नाही. परीक्षकाला याहून काय हवं? मीही राक्षसाची बाजू सोडली नाही. म्हटलं, "हो ना काकू. एकटाच बसलेला असतो. त्याच्याकडे चांगली माणसं कुणी जातच नाहीत."

"मग आमी निरोप धाडू त्याच्या आयला?"

"धाडा की," मी म्हणाले.

आणि संध्याकाळी गुणपत्रिकेत लिहिलं, 'खेळाडू पात्रात पूर्ण बुडून जातात.' पैकीच्या पैकी गुण. वर दोन उद्गारचिन्हं.

यमुनाकाकूंना सुरेखा नावाची लग्नाची मुलगी आहे, हे मला माहीत नव्हतं का? होतं. रोज हातपंपावर भेटायची. दोन वर्षं तिच्यासाठी स्थळं चालली होती आणि प्रत्येक ठिकाणी काकू तोंडघशी पडल्या होत्या. एकाला मध्यस्थाने कंपनीत साहेब म्हणून सांगितलं, तो गेटवर वॉचमन निघाला. दुसरा म्हणे सुपारीच्या खांडालाही शिवत नव्हता. तो साखरपुड्याच्या बोलणीलाच झिंगून आला. सुरेखाने मग सांगून टाकलं होतं, की आता हे शेवटचं स्थळ बघा, नाही जमलं तर परत विषय काढू नका. हे सगळं मला ठाऊक होतं. फक्त राक्षसाशी त्याचा संबंध लागला नव्हता.

तो लागला गुरुवारी. मुरबाडहून मावशीचा फोन. मावशी म्हणजे बाळूदादाची आई, भयंकर खुशीत. तुझ्या शेजारची माणसं रविवारी बाळूचं घर बघायला येतायत, खर्डीच्या मामाकडून चौकशीही करून झाली, आणि हे सगळं म्हणे तूच सुचवलंस! "तोंडातनं शब्द काढत नायस, पन भावाची काळजी हाय गो तुला," मावशी म्हणाली आणि फोन ठेवला.



विचार करा हो. खरं सांगावं, तर मावशीच्या लेकाला मी राक्षस केलं हे उघड होणार. आणि काकू? राक्षसाला मुलगी द्यायला निघालेली बाई म्हणून सापगाव त्यांना जन्मभर हसणार. सुरेखाचं शेवटचं स्थळ, तेही गुहेतलं. न सांगावं, तर दोन घरं माझ्या थापेवर सोयरीक जोडणार.

दुसऱ्या दिवशी सकाळी हे भातसानगरला कामावर निघाले होते, त्यांना अडवून सांगितलं. धरणाच्या ऑफिसात काम करणारा माणूस, अडवायचं-सोडायचं ह्यांना कळत असेल अशी माझी समजूत. हे पायरीवर बसून हसले आणि म्हणाले, "राक्षसाला सांग, दाढी करून बस." गेले निघून.

सासूबाईंना सांगायला गेले. माझं असं, की मुद्द्याचं वाक्य तिसरं येतं, आणि पहिल्याच वाक्याला समोरचा उठून जातो. मी म्हटलं, "आई, रविवारी मुरबाडला जायचंय ना..." त्या म्हणाल्या, "हो, इरकलीला इस्त्री करून ठेव," आणि गोठ्यात गेल्या.

रविवारी सकाळी हातपंपावर सुरेखा भेटली. कळशी भरून वाहू लागली तरी तिचं लक्ष नव्हतं. इकडेतिकडे बघून तिने मला विचारलं, "वहिनी, झोपेतनं उठवला तर लय चिडतो काय?"

मी म्हटलं, "मी कधी उठवला नाही." आणि कळशी घेऊन पळाले.

काळ्यापिवळ्या जीपमध्ये काका, काकू, सासूबाई आणि मी असे मुरबाडला निघालो. वाटेत एखादं टायर पंक्चर होईल अशी माझी फार आशा. एकही झालं नाही.

मावशीने घर पुसून चकचकीत केलं होतं. बाळूदादा कडक इस्त्रीच्या शर्टात, खुर्चीत मावत नव्हता. खुर्ची कुरकुरत होती आणि तो हलायला घाबरत होता. पाणी झालं, चहा आला. काकांनी शेतीचं विचारलं, दुकानाचं विचारलं. मला वाटलं, निभावलं. एवढ्यात काकूंनी बशी खाली ठेवली.

"एका बैठकीला बोकड खाता म्हणे तुमी?"

बाळूदादा लाजला. खुर्चीही लाजली. "अख्खा नाय," तो म्हणाला. "जत्रेला एकदा... अर्ध्याच्या वर."

काकांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी मान डोलावली. जमलं, अशी.

"आन झोपेतनं उठवला तर?"

आता मावशीच्या कपाळाला आठी. "कोन बोललं तुमाला? सकाळचा जरा असतो तापट. नऊनंतर नसतो."

"आन पैशाला हात लावू देत नाय?"

माहेरपणाला आलेली बाळूदादाची धाकटी बहीण दाराआडून म्हणाली, "हे मात्र खरं." आणि आत पळाली.

खोलीतल्या सगळ्या नजरा फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबल्या. मी हातातली पोह्यांची ताटली खाली ठेवली. आता तिसऱ्या वाक्याची वाट बघायला वेळ नव्हता. मी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं.

"काकू, तो राक्षस होता. खेळातला. पुस्तकातला. तुम्ही मामा विचारलात, मला दुसरा सुचला नाही."

मी मान खाली घालून बसले, आणि आता काकू उठणार, चप्पल घालणार, सापगावात माझं राहणं संपणार, हे सगळं मला फरशीवर लिहिल्यासारखं दिसत होतं.

काकू उठल्या नाहीत. म्हणाल्या, "राक्षस हाय ते मला काय कळत नाय काय गो? येडी हाय काय मी? गुहेत कोन राहतो आजकाल?"

"मग?"

"मग काय. तू त्याचं घर सांगितलास, कुळ सांगितलास, मामा सांगितलास, ते सगळं चौकशीत खरं निघालं. म्हटलं, पोर लाजरी हाय, भावाचं स्थळ तोंडावर सांगवत नाय, म्हणून गोष्टीत घालून सांगते. दोन वर्षं बघते मी. जो येतो तो पोराचे गुणच सांगतो. निर्व्यसनी, मनमिळाऊ, देवमाणूस. देवमाणसं बघून बघून माझ्या चपला झिजल्या. तू पहिली, जी बोलली, खातो लय, चिडतो, पैसा सोडत नाय. म्हटलं, हिचा राक्षस खरा असनार."

काका म्हणाले, "दोष समजले म्हंजे निम्मं काम झालं." आणि पोह्यांना हात घातला. बाळूदादा इतका वेळ धरून ठेवलेला श्वास सोडून मला म्हणाला, "पन ताये, गुहेत सोनं किती हाय ते तरी सांग." काकूसुद्धा हसल्या.

सोयरीक जमली. सुरेखा आता माझी वहिनी आहे, आणि नऊच्या आत ती त्याला उठवत नाही. पण माझी सुटका एवढ्यावर झाली असती तर ती फजिती कसली?

मावशी हसली नव्हती. तिने मला नीट न्याहाळलं. "म्हंजे माझा पोरगा राक्षस काय गो? तुझ्या लग्नात मध्ये मीच होते ना? तवा ह्या तुझ्या सासूला काय काय सांगितलं तुझं, आठव जरा. शांत, कामसू, सुगरण, पहाटे उठनारी. एक तरी वाकडा शब्द काढला मी?"

सासूबाईंनी चहाचा शेवटचा घोट सावकाश घेतला, कप उपडा केला आणि यमुनाकाकूंकडे वळून म्हणाल्या, "तू नशिबाची गो यमुने. तुला राक्षस सांगनारं कोनतरी भेटलं. आमाला नाय भेटलं."