गेनूआबा आणि देव्हाऱ्यातलं रिव्हॉल्व्हर

कुणी जुनं हत्यार दाखवायला आणतो म्हणालं की गेनूआबा त्याला फोनवरच अडवत. "आनायचं न्हाय. जितं हाय तितंच ऱ्हाऊ द्या. मी येतो." परवान्याशिवाय हत्यार घरात ठेवणं हा एक गुन्हा आणि ते पिशवीत घालून एसटीने आणणं हा दुसरा. एका गुन्ह्याचे दोन करू नयेत, असं त्यांचं म्हणणं.

आबा पोलीस दलात शस्त्रागाराचे हवालदार होते. निवृत्तीनंतर बारामतीजवळच्या कन्हेरीत राहत. मी बारामतीत एका दैनिकाचा वार्ताहर. निवडणुकीआधी परवानाधारकांची शस्त्रं ठाण्यात जमा होतात, त्या बातमीसाठी मी त्यांना प्रथम भेटलो. किती प्रकारची हत्यारं हाताळलीत, असं विचारलं. "परकार दोनच," ते म्हणाले. "कागद असल्यालं आन् नसल्यालं."

एकदा इंदापूर तालुक्यातून पोपटरावांचा फोन आला, तेव्हा मी आबांच्या ओसरीवर होतो. पोपटराव ऊस बागायतदार. वडील वारून नऊ वर्षं झाली होती आणि त्यांचं रिव्हॉल्व्हर घरात होतं. मुलगी अश्विनी पोलीस भरतीत निवडली गेली होती. चारित्र्य पडताळणी व्हायची होती. "आबा, पोरगीचं काय व्हईल?" एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते.

माझ्या मोटारसायकलवरून आम्ही गेलो. उजनी धरणाच्या फुगवट्याच्या पाण्याकाठी वस्ती होती. रिव्हॉल्व्हर कपाटात नव्हतं, देव्हाऱ्यात होतं. वडील खंडेनवमीला कोयता, विळा, नांगराचा फाळ यांच्याबरोबर त्याचीही पूजा करत. ते गेल्यावर फाळ शेतात गेला, कोयता माळ्यावर गेला आणि रिव्हॉल्व्हर खंडोबाच्या टाकाशेजारी राहिलं. नऊ वर्षांच्या हळदीकुंकवाचा त्यावर थर बसला होता. घरात ते हत्यार आहे असं कुणाला वाटेनासं झालं होतं. तो देव झाला होता.

आबांनी हात लावला नाही. बॅटरीचा उजेड पाडून बाजूने बराच वेळ पाहिलं.

"वैनी, समई कुठं लावता?"

"हितंच की, म्होरं."

"जरा मागं सरा. चक्राच्या दोन घरांत गोळ्या हायत."

पोपटरावांच्या पत्नी थेट स्वयंपाकघरापर्यंत मागे गेल्या. मग आबांनी घड्याळजीचं भिंग काढलं. नळीवर विलायती कारखान्याचा शिक्का होता, बाकीचं कुंकवाखाली. घरातली कथा अशी की देश सोडून जाताना एका इंग्रज साहेबाने ते पोपटरावांच्या आजोबांना बक्षीस दिलं. आबांनी ट्रंकेतला जुना परवाना मागवला. त्यात खरेदीची नोंद होती : पुण्यातला विक्रेता, वापरलेलं हत्यार, घेणारे पोपटरावांचे वडील.

"सायेब गेल्यावर लई वर्सांनी घेतलंय. तुज्या बापानं दुकानातनं इकत घेतलंय," आबा म्हणाले. "बक्षिसापेक्षा ते बरं. कागद तरी हाय."

पोपटरावांचे मेहुणे तिथेच होते. अशा विलायती मालाला लाखांनी भाव आहे, असं त्यांनी मोबाइलवर पाहिलं होतं. बाहेरून माल येणं बंद झाल्याने जुन्याला किंमत येते, हे आबांनी मान्य केलं. "पर ती लायसनवाल्याच्या हातात. तुमच्या हातात तो गुन्हा हाय. गुन्ह्याला गिऱ्हाईक आनता का, पावनं? आन् हळदीनं लोखंड खाल्लंय, ते येगळंच."

"मग फुगवट्यात टाकून देऊ," मेहुणे म्हणाले.

"टाका. हत्यार बुडंल, नंबर न्हाय बुडत. ठान्याच्या रजिस्टरात तो हाय. उद्या इचारलं तर पानी उपसाल व्हय?"

मालक वारल्यावर वारसाने हत्यार विनाविलंब ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं असतं. हवं असेल तर मग स्वतःच्या नावाने अर्ज करता येतो. इथे विलंब नऊ वर्षांचा होता. अर्ज लिहायला मी बसलो. पोपटराव म्हणाले, "काल साफसफाईत घावलं, असं लिवा."

आबांनी माझ्या हातातला पेन धरला. "पोरगी त्याच खात्यात चाललीया. बापाचं खोटं तिला रिटायर हुईस्तवर संभाळाय लावतो का? हुतं तसं लिवा. देव्हाऱ्यात हुतं, नऊ वर्सं हुतं, कायदा ठावा नव्हता."

अर्ज घेऊन पोपटराव, अश्विनी, आबा आणि मी ठाण्यात गेलो. रिव्हॉल्व्हर जागेवरच राहिलं. दुपारी फौजदार दोन शिपायांसह वस्तीवर आले. पंचनामा झाला. गोळ्या काढताना चक्र फिरेना. शिपायाला तेल सोडावं लागलं. पावतीवरचा क्रमांक आबांनी नळीवरच्या आकड्यांशी एकेक करून ताडला आणि चुकलेला आकडा दुरुस्त करून घेतला. सगळं आवरल्यावर फौजदारांनी अश्विनीकडे पाहिलं.

"तुला माहीत होतं, घरात हत्यार आहे?"

पोपटराव मध्येच बोलायला गेले. आबांनी त्यांचा दंड धरला.

"होय सर," ती म्हणाली. "आजोबा गेल्यापासून पूजा मीच करते."

फौजदारांनी तेही लिहून घेतलं. गुन्हा दाखल करायचा की नाही ते वरिष्ठ ठरवतील, असं सांगून ते गेले. त्यानंतर सात आठवडे पोपटराव रोज आबांना फोन करत आणि आबा रोज एकच उत्तर देत, "खरं सांगितलंय न्हवं? मग जेवून घ्या." आठव्या आठवड्यात गुन्हा दाखल होणार नसल्याचं कळलं. पडताळणीचा अहवालही अनुकूल आला. पोपटरावांनी परवान्याचा अर्ज केला नाही.

आबा गेल्या उन्हाळ्यात गेले. दहाव्याला अश्विनी रजा काढून आली होती. फौजदारांनी विचारलं त्या दिवशी भीती वाटली नाही का, असं मी तिला विचारलं.

"खूप वाटली. अर्ज देऊन येताना आबांना सांगितलं, मला भ्या वाटतंय. ते म्हनले, साहेबांनी इचारलं तर तेबी सांग. तेबी खरंच हाय."