दहा गोळ्यांची रायफल

चाचा युद्धपट पाहताना गोळ्या मोजत, आणि मोठ्याने मोजत. दहाच गोळ्या मावणाऱ्या रायफलीतून नायक झाडतच राहिला की थिएटरात "अकरा, बारा, तेरा" ऐकू येई. मग मागच्या रांगेतून कोणीतरी त्यांना गप्प बसवी. चाची चार खुर्च्या सोडून बसत.

सैन्याच्या शस्त्रदुरुस्ती वर्कशॉपमध्ये त्यांची सगळी नोकरी झाली, शेवटची वर्षं देवळालीत. नाशिकच्या भद्रकालीत लोक त्यांना आर्मरर चाचा म्हणत. माझी त्यांच्याशी ओळख आमच्या दैनिकातल्या चुकीमुळे झाली. सरावाच्या फोटोतल्या तोफेला मी रणगाडा म्हटलं होतं. चाचा अंक घेऊन कार्यालयात आले. "साहेब, हिला ओढून न्यावं लागतं. रणगाडा स्वतः चालतो. नाशिकच्या पेपरला एवढं तरी कळायला पाहिजे," म्हणाले आणि चहा न घेता गेले. पुढे शस्त्राच्या फोटोखालची ओळ त्यांना फोनवर वाचून दाखवल्याशिवाय मी छापायला दिली नाही.

कुठलंही हत्यार हातात आलं की आधी ते उघडून आत पाहायचं, हा त्यांचा नियम होता. वणीच्या जत्रेत फुगे फोडायची बंदूकही त्यांनी अशीच तपासली. रिकामी आहे चाचा, असं दुकानदार सांगत होता. "रिकामीच म्हणतात सगळे," चाचा म्हणाले आणि बंदूक उघडून नळीत डोकावून पाहिलं.

बासष्टच्या युद्धावरच्या एका चित्रपटातली खंदकांची दृश्यं हरसूलच्या डोंगरात घ्यायची ठरली, तेव्हा शस्त्रांचे सल्लागार म्हणून चाचांना बोलावणं आलं. शेवटच्या नामावळीत नाव येणार होतं. चाचींनी ते मालेगावच्या माहेरापर्यंत कळवलं.

चौथ्या दिवशी चाचा एसटीने परत आले. जवानांच्या हाती थ्री नॉट थ्री द्यायला हवी होती. प्रत्येक गोळीनंतर हाताने बोल्ट ओढावा लागणारी ती रायफल. दिग्दर्शकाला ती संथ वाटली. त्याने नंतरच्या काळातल्या, आपोआप भरणाऱ्या रायफली मागवल्या. प्रेक्षकाला फरक कळत नाही, असं त्याचं म्हणणं. चाचांनी त्याला काय उत्तर दिलं, ते मी विचारून लिहून घेतलं.

"माझा थोरला भाऊ त्या थंडीत गेला. बोटं आखडलेली, तरी दर गोळीला बोल्ट ओढत होता. त्याच्या हातात तुम्ही ही रायफल दिली, तर बघणारा म्हणेल, एवढं हत्यार असून हरले."

दिग्दर्शकाने ऐकून घेतलं, पण रायफली बदलल्या नाहीत. तेव्हा चाचांनी आपलं नाव काढायला सांगितलं. त्याने तसा शब्द दिला. चाची आठवडाभर बोलल्या नाहीत. माहेरी आता काय सांगू, एवढंच एकदा विचारलं.

चित्रपट कॉलेज रोडला लागला, तेव्हा चाचांनी मला सोबत नेलं. चाचीही आल्या, या वेळी शेजारच्याच खुर्चीवर बसल्या. चित्रपट संपला, दिवे लागले, लोक उठले. नामावळी सुरू झाली. झाडूवाला रांगेपाशी येऊन थांबला. चाचा चष्मा पुसून एकेक नाव वाचत राहिले, शस्त्रविभाग, वेशभूषा, वाहनचालक, जेवण, थेट आभारापर्यंत. मग पडदा काळा झाला.

"नाही," ते चाचींना म्हणाले. "शब्द पाळला पोरानं."

चाचींनी त्यांचा हात धरून त्यांना उठवलं.