मोसंबीचा ताण

मोसंबीला आंबे बहर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं, हवा असेल तर डिसेंबरात तिचं पाणी तोडावं लागतं. महिना-दीड महिना झाडं तहानलेली ठेवायची, पानं पिवळी पडून गळू द्यायची, मग शेणखत घालून हळूहळू पाणी सुरू करायचं. तेव्हा कुठे अंगभर फुलं येतात. याला ताण देणं म्हणतात. माझ्या वडिलांना, आबांना, मी हे तीन हिवाळे समजावत होते.

पाचोऱ्याजवळ आमच्या गावी दीडशे झाडं आहेत आणि बागेतच आबांचं घर. धाकटा भाऊ नोकरीला नाशिकला गेला, आबांचे गुडघे गेले आणि बाग माझ्या गळ्यात पडली. शाळेतली कारकुनी आटोपून मी रोज स्कूटीवर शेतात जायची. वाळक्या काड्या कापल्या, खोडांना चुना-मोरचूद लावलं, झाडांच्या आळ्यांत सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, पसरलं. कामाचा कंटाळा कधी आला नाही. आबांचा मात्र आला.

पहिल्या वर्षी ताणाच्या तिसऱ्या आठवड्यात पानं पुन्हा टवटवीत दिसायला लागली. मी कुटार बाजूला करून पाहिलं तर खाली चिखल. मी शाळेत असताना आबा पाण्याची मोटार चालू करत होते. विचारलं तर म्हणाले, थोडंसंच सोडलं. त्या वर्षी झाडांना पालवी आली, फुलं बोटांवर मोजण्याइतकी.

दुसऱ्या वर्षी मी मोटारीच्या स्टार्टरच्या पेटीला कुलूप लावून किल्ली गावातल्या माझ्या घरी नेली. पंधरा दिवसांनी शाळा लवकर सुटली म्हणून दुपारीच गेले, तर एका हातात काठी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा डबा घेऊन आबा घराजवळच्या रांगेतून चालले होते. ज्या गुडघ्यांनी त्यांना ओटा उतरवत नव्हता, त्याच गुडघ्यांनी. माझा तोल गेला. बाग नको असेल तर उद्याच माणसं लावून तोडून टाकते, असं मी त्यांना तोंडावर म्हणाले.

त्यांनी डबा खाली ठेवला. "झाडं सुकतंस ना, माले देखावत नई वं माय," एवढंच म्हणाले.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण मला रागच येत होता, कारण झाडं मलाही दिसतच होती.

तिसऱ्या वर्षी मी भांडले नाही. घराजवळची सात झाडं तुमची, त्यांना हवं तेवढं पाणी घाला, बाकीच्यांकडे बघू नका, असं ठरवून टाकलं. आबांनी ते अक्षरशः पाळलं. बाहेर आले की खुर्ची उलटी फिरवून बसायचे, बागेकडे पाठ करून. चौथा आठवडा उलटला. पानं मनासारखी गळत होती. मी शेणखताची ट्रॉली सांगून ठेवली.

आणि जानेवारीत अवकाळी पाऊस आला. दोन दिवस. वाफसा यायलाच, म्हणजे माती पाय ठेवण्याइतकी सुकायलाच, आठवडा गेला. महिनाभराचा ताण नको तेव्हा तुटला होता आणि फांद्यांवर सगळीकडे कोवळी पालवी. मी चिखलात उभी राहून एकेक फांदी वाकवून पाहत होते. ओरडावं असं समोर कोणी नव्हतं. आबा काठी टेकत बांधापर्यंत आले.

"या खेपले मी नई करं," ते म्हणाले.

मी स्कूटी काढली आणि घरी आले.

फुलं आली, पण कुठे एखाद्या फांदीवर, कुठे नाहीच. मे महिन्यात मृग बहरासाठी, म्हणजे पावसाच्या तोंडावरच्या फुलांसाठी, पुन्हा पाणी तोडायचं मी ठरवलं. आबांना सांगायला गेले, तर त्यांनी फक्त विचारलं की त्यात त्यांची सात झाडं धरली आहेत का.

मी नाही म्हणाले. खरं तर मला तीही धरायची होती.