तितिप केलेला सलाम

मर्बाबू डोंगराच्या उतारावरच्या त्या गावात कोण कुणाच्या गळ्यात काय घालून जाईल याचा नेम नव्हता. पोर शेजारणीकडे तितिप, कोंबड्या सासूकडे तितिप, घरी तळलेली केळ्याची भजी दुकानात विकायला तितिप. शब्द मूळचा जावाच्या खेड्यापाड्यांतला, पुढे साऱ्या देशाच्या बोलण्यात रुळला. अर्थ एवढाच, की वस्तू तुझ्या हातात दिली, पण ती तुझी नाही. मुलंसुद्धा देवाने आपल्याकडे तितिप केलेली, असं तिथल्या आया म्हणतात. आणि सगळ्यांत हलकं तितिप म्हणजे सलाम. हा शब्द अरबांकडून आला, त्याचा अर्थ शांती. "अमकीला माझा सलाम तितिप हं," म्हटलं की झालं. त्याला ना टोपलीत जागा लागते, ना खांदा दुखतो.

लासिनाहलाही ते हलकंच वाटायचं, आणि तिथेच तिचं चुकलं.

लासिनाह भाजीवाली. दर पाचव्या दिवशी, जावाच्या पाच दिवसांच्या आठवड्यातल्या पाहिंग वाराच्या बाजाराला, कोबी आणि गाजरं घेऊन ती खाली शहरात जायची. तोंडाने गोड, हाताने चलाख, पण बाजार उठला की पाऊल जड. निघताना म्हातारी कासिनेम तिला हटकून अडवायची. कासिनेम सत्तरीची, गुडघ्यांनी घरात बसवलेली. सगळं गाव तिला म्बाह, म्हणजे आजी, म्हणायचं.

"न्दुक, पोरी, रुमिनीला सलाम तितिप गं. विसरशील नाहीतर, बाई!"

"म्बाह, मी कोबी विसरेन, तुमचा सलाम नाही विसरायची!"

रुमिनी ही म्हातारीची तरुणपणची जोडीदारीण. दोघी पाठीवरच्या टोपलीत काढ्याच्या बाटल्या घेऊन दारोदार फिरायच्या. पुढे रुमिनी शहरात गेली. तिचं घर बाजारामागे, मशिदीपलीकडच्या पायऱ्यांवर होतं. लासिनाह तीन-चारदा खरंच चढून गेली. मग पाय कंटाळले. परत आल्यावर म्हातारी दारात वाट बघत असायची, तिला काय सांगायचं? "त्यांनीही सलाम सांगितलाय, म्बाह. गुडघे कसे आहेत विचारत होत्या." म्हातारीचा चेहरा असा खुलायचा की लासिनाहला आपण पुण्यच करतोय असं वाटे. पुढच्या खेपेला ती खोकला कमी झाल्याचं सांगे, त्यापुढच्या खेपेला नातीचं लग्न ठरल्याचं. काहीही ठोकून द्यायची.

ईदेच्या आधीच्या बाजाराला मात्र म्हातारीने तिचा हात धरून तिला आत नेलं.

"आज नुसता सलाम नाही. तिला सांग, ती काढ्यात ओढ्याचं गढूळ पाणी घालते, ही आवई मीच उठवली होती. तिचं गिऱ्हाईक जास्त होतं, मला बघवलं नाही. त्यापायी तिला गाव सोडावं लागलं. सांग, कासिनेम माफी मागते. आणि ती काय म्हणाली ते मला जसंच्या तसं सांग."

त्या दिवशी तरी जायला हवं होतं. पण बाजारात ही गर्दी, आणि गाडीवाला हॉर्न वाजवून जीव खात होता. लासिनाह गाडीत चढली. संध्याकाळी म्हातारीला म्हणाली, "त्या रडल्या, म्बाह. म्हणाल्या, मी कधीच विसरले सगळं." म्हातारीही रडली. ईदेला तिने ठेवणीतलं नवं लुगडं नेसलं आणि तीन घरी भाताचे डबे धाडले.

त्यानंतर पाच महिन्यांनी रुमिनीची मुलगी सुयाती बाजारात कांद्याची पात घ्यायला आली. तिने लासिनाहला ओळखलं.

"आई गेली हो, पावसात. ईदेनंतर दोन महिन्यांनी. शेवटी शेवटी सारखी विचारायची, वरच्या गावचं कुणी येत नाही का गं आता?"

लासिनाहच्या हातातली जुडी तशीच राहिली. पावसानंतरही तिने रुमिनीचे किती सलाम वर नेऊन दिले होते! मागच्याच बाजाराला मेलेल्या बाईच्या तोंडी "थंडीची जपून राहा" घातलं होतं. तिला स्वतःची अशी किळस आली की समोरच्या गिऱ्हाइकाकडे बघवेना. गाडीत बायका थट्टा करत होत्या, "आज जीभ बाजारात विकून आलीस का?" आणि ती मान खाली घालून बसली होती. गप्प बसावं, म्हातारीला सुखात राहू द्यावं, हेही तिच्या मनात येऊन गेलं. पण ते म्हातारीच्या भल्यासाठी नव्हतं, स्वतःची कातडी वाचवायला होतं. तेही तिला कळलं, आणि आणखीच लाज वाटली.

म्हातारी दारातच होती. "काय म्हणाली गं रुमिनी?"

लासिनाह जमिनीवर बसली. "गेल्या त्या, म्बाह. पावसातच गेल्या."

"मग परवाचा सलाम?"

"माझा होता. कितीतरी दिवसांचे सगळे माझेच. मी जातच नव्हते."

म्हातारी उंबऱ्यावर टेकली. मग हळूच म्हणाली, "ईदेला?"

"नाही गेले. तेव्हा होत्या त्या. मी... मी गेले नाही." लासिनाहने तिच्या दुखऱ्या गुडघ्यांवर कपाळ टेकलं आणि हुंदके देत म्हणाली, "मला माफ करा, म्बाह."

म्हातारीचा हात तिच्या डोक्यावर आला, सवयीने आला असेल.

"तुला मी आहे गं माफ करायला," ती म्हणाली. "मला कोण आहे?"

लासिनाहला मान वर करवेना.