सहा खांबांपैकी एक

मल्लेश्वरममध्ये गिलाव्याच्या चुन्यात गूळ आणि हिरडा कालवल्याचा वास आला आणि शहराच्या छावणी भागातली कापडाची जुनी पेढी आठवली. दर्शनी भागात सहा उंच गोल खांब, त्यांवर त्रिकोणी माथा. मी तेव्हा नवा वार्ताहर होतो.

एक खांब ढासळला होता. पुण्याला राहणाऱ्या मालकांनी कळवले होते, "नवा ओळखू आला, तर सहाही पाडून काचा लावीन." परशुराम गवंड्याने तो विटा-चुन्यात पुन्हा उभा केला, सगळ्यांवर एकच सफेदी फिरवली आणि पेढीतल्या माणसांना गप्प बसवले.

मालक आले. एकेक खांब चाचपत चौथ्यापाशी थांबले. "हाच. स्वल्प खडबडीत आहे, परशुराम."

"तो तुमच्या पणजोबांनी बांधून घेतलेला, अण्णा."

मालक वरमले, मग मोठ्याने हसले. "सरी, ठीक आहे. राहू देत सगळे."

नवा कोणता, हे परशुरामने मलाही सांगितले नाही. बातमी हुकली म्हणून मी तेव्हा चिडलो होतो. काल तिथे जाऊन सहाही खांबांवर सावकाश हात फिरवला. मला तो सापडला नाही, आणि बरे वाटले.